आधी डोळे मिटायला सांगा

प्रश्न : कोहमाऱ्यात कुष्ठरोगबाधित कुटुंबांसाठी मोफत नेत्र व आरोग्य शिबिर घ्यायचे आहे. चष्मे वाटले की पुरे का?

उत्तर : चष्मे नंतर. आधी प्रत्येकाला झोपेत मिटावेत तसे हलकेच डोळे मिटायला सांगा. फट राहिली, तर चेहऱ्याची नस दुखावलेली आहे. त्रास केव्हापासून, हे जरूर विचारा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर स्टेरॉइडने सुधारू शकतो. बुबुळाची संवेदना गेलेल्याला धानाचे कूस डोळ्यात गेलेलेही कळत नाही. म्हणून लाल असून न दुखणारा डोळा मला जास्त भिववतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डोळ्यातला दाह शमल्यावरच. घरच्यांच्या अंगावरचे बधिर चट्टेही पाहा. आणि फलकावर ‘कुष्ठरोग’ कशाला? ‘सर्वांसाठी’ लिहा, लोक येतील.