पावती दाखव!

गेल्या वर्षी मी मेसचा सेक्रेटरी होतो. एका महिन्याच्या हिशोबात 4,300 रुपये कमी आले आणि रात्री पंगतीतच एकाने विचारलं, "काय रे, नवीन मोबाइल कुठून आला?" मोबाइल मामाने दिलेला, पण मामाकडे पावती कुठली मागणार? चार दिवसांनी भाजीवाल्याची दोन बिलं तांदळाच्या कोठीमागे सापडली. ते चार दिवस मी ताट घेऊन रूमवरच जेवलो.

तेव्हापासून अपसंपदेचे, म्हणजे बेहिशेबी मालमत्तेचे खटले मी वेगळ्या नजरेने वाचतो. लाचखोरांचा मला कळवळा नाही. पण या गुन्ह्यात एक गोष्ट उलटी आहे. एरवी गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. इथे मालमत्ता उत्पन्नापेक्षा जास्त आहे एवढं सरकारने दाखवलं, की ती कुठून आली ते आरोपीने सांगायचं. 1991 च्या वीरास्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ही तरतूद घटनेत बसते असं ठरवलं. आरोपीला मात्र शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, त्याचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त आहे इतपत पटवलं तरी पुरतं.

मग सगळा खेळ हिशोबावर येतो. उत्पन्न वजा खर्च म्हणजे बचत, आणि मालमत्ता वजा बचत म्हणजे तफावत. कृष्णानंद अग्निहोत्री या सरकारी नोकराच्या खटल्यात उत्पन्न 1,27,715 रुपये आणि तफावत सुमारे 11,350 निघाली. दहा टक्क्यांच्या आत म्हणून तो सुटला. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत, टॉलरन्स!

पण बेरीजच चुकली तर? जयललितांच्या खटल्यात 2015 साली कर्नाटक हायकोर्टाने तफावत 8.12 टक्के धरून सगळ्यांना निर्दोष सोडलं. कर्जांच्या यादीची बेरीज त्यात 24.17 कोटी लिहिली होती, प्रत्यक्षात ती भरते 10.67 कोटी. साडेतेरा कोटींची चूक! ती दुरुस्त केली की तफावत 76 टक्क्यांवर जाते. फेब्रुवारी 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने इतर तिघांची शिक्षा कायम केली. जयललिता डिसेंबर 2016 मध्येच वारल्या होत्या. इथे चूक आरोपींच्या फायद्याची झाली. हीच चूक उलट बाजूने एखाद्या साध्या क्लार्कच्या हिशोबात झाली, तर ती शोधायला महागडा वकील तो कुठून आणणार?

म्हणून मला आरोपीचे दोन हक्क फार मोलाचे वाटतात. आरोपपत्रासोबतच्या कागदांच्या प्रती त्याला फुकट मिळतात, कारण धाडीत त्याच्याच पावत्या उचलून नेलेल्या असतात. आणि घटनेच्या कलम 20(3) मुळे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. 2018 पर्यंत आणखी एक पेच होता. वैध उत्पन्न असलं तरी ते खात्याला कळवलेलं नसेल तर हिशोबात धरत नसत. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती अट गेली.

मोबाइलबद्दल विचारणारा मित्र यंदा स्वतः मेस सेक्रेटरी आहे. परवा रूमवर आला आणि म्हणाला, "बिलं कुठं ठेवायची रे?"