गंभीर ध्वनी आणि मोटारसायकलचा ध्वनिशामक

मोटारसायकलीला मराठीत 'फटफटी' हे नाव तिच्या आवाजावरूनच पडले. यंत्राचे नाव त्याच्या ध्वनीवरून पडावे, यावरून त्या ध्वनीची छाप लोकमानसावर किती खोल उमटली आहे हे दिसून येते. १९५५ साली मद्रास येथे 'बुलेट' मोटारसायकलची जुळणी सुरू झाली. पुढे पंजाबात व चंदीगडमध्ये ही गाडी तिच्या संथ, जड ठोक्यासाठी विशेष प्रिय झाली. हा ठोका आणखी गंभीर व्हावा म्हणून तेथील अनेक तरुण ध्वनिशामक, म्हणजे व्यवहारातील 'सायलेन्सर', बदलून घेतात किंवा त्यातील पडदे काढून टाकतात. परंतु पुष्कळदा पदरी पडतो तो गंभीर आवाज नव्हे, तर केवळ मोठा आवाज. असे का व्हावे, याचे उत्तर ध्वनिशास्त्रात आहे.

ठोक्यांचे गणित

बुलेटचे एंजिन एका सिलिंडरचे व चार आघातांचे असते. अशा एंजिनात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. एंजिन मिनिटास १,००० फेरे घेत असेल, तर सेकंदास सुमारे ८ स्फोट होतात. ३,००० फेऱ्यांना २५. सेकंदास सुमारे २० पेक्षा कमी कंपने असलेला सूर मानवी कानास अखंड सूर म्हणून ऐकू येत नाही. म्हणून उभ्या गाडीचे ठोके सुटे सुटे जाणवतात.

मात्र प्रत्येक ठोका हा एकच शुद्ध सूर नसतो. निकासाची झडप उघडताच तप्त वायू एकदम बाहेर झेपावतो आणि दाबाचा तीव्र तरंग निर्माण होतो. त्या तरंगात २५, ५०, ७५, १०० अशा पटींतील कंपने एकत्र असतात व ती शेकड्यांपासून हजारांपर्यंत जातात. खालच्या पटींचे प्राबल्य असेल तर ध्वनी गंभीर वाटतो. वरच्या पटींचे असेल तर कर्कश. डग्गा हळू वाजविला तरी त्याचा नाद गंभीरच राहतो आणि तबल्याची चाट जोराने मारली म्हणून ती गंभीर होत नाही. सारांश, गांभीर्य हे आवाजाच्या मोठेपणावर नव्हे, तर त्यातील कंपनांच्या प्रमाणावर अवलंबून असते.

ध्वनिशामक काय करतो?

ध्वनिशामकाची कार्यपद्धती दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात अरुंद नळी एकदम रुंद कोठीत उघडते. तेथे तरंगाचा काही भाग मागे परावर्तित होतो आणि पुढे जाणारा भाग क्षीण होतो. निकासवायूचे तापमान ३०० अंश सेल्सिअस धरल्यास त्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ४८० मीटर असतो. कोठीची लांबी ३० सेंटिमीटर असेल, तर ती सेकंदास ४०० कंपनांच्या ध्वनीला सर्वांत अधिक अडविते. पण ८०० कंपनांचा ध्वनी तीतून जवळजवळ विनाअडथळा निसटतो. एका कोठीतील ही उणीव दुसरीने भरून काढावी म्हणून कारखान्यात निरनिराळ्या लांबीच्या अनेक कोठ्या पडदे घालून तयार करतात.

दुसऱ्या प्रकारात छिद्रे पाडलेल्या नळीभोवती काचलोकर भरलेली असते. वायू लोकरीच्या तंतूंमध्ये घासला जाऊन ध्वनीच्या ऊर्जेची उष्णता होते. ही लोकर वरची कंपने चांगली शोषते; खालच्या कंपनांवर तिचा प्रभाव अल्प असतो.

खालची कंपने अडविण्यास मोठी पोकळी लागते. नळाखाली घागर भरताना तिचा आवाज चढत जातो, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे; पाणी वाढते तशी आतील हवेची जागा कमी होते आणि सूर वर सरकतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) यांनी अशा पोकळ्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. मोटारसायकलीवर मोठ्या पोकळीस जागा नसते. परिणामी वरची कंपने बरीचशी आत अडतात आणि खालची तुलनेने अधिक सुटतात. म्हणजे बुलेटच्या ठोक्याला जे गांभीर्य येते, त्यात मूळ ध्वनिशामकाचाच मोठा वाटा असतो. पडदे काढून टाकणारा माणूस ज्या वस्तूमुळे आवाज गंभीर होतो, तीच वस्तू नष्ट करीत असतो.

'पटाखा' आणि त्याची किंमत

एंजिन चालू असताना ठिणगी क्षणभर बंद केल्यास न जळलेले इंधन तप्त निकासनळीत जाते आणि तेथे पेट घेते. यालाच 'पटाखा' म्हणतात. नव्या गाड्यांत निकासमार्गात उत्प्रेरक असतो. बाहेर पडणारे विषारी वायू तो कमी करतो. वारंवार होणाऱ्या अशा ज्वलनाने त्याची अंतर्रचना वितळू शकते. म्हणजे हानी कानांबरोबर हवेचीही होते.

नगररचना आणि ध्वनी

चंदीगडची आखणी करताना ल कॉर्ब्युझिए यांनी रस्त्यांच्या सात श्रेणी ठरविल्या. सुमारे ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब अशा सेक्टरच्या बाहेरून वेगवान वाहतूक जावी आणि आत वस्ती निवांत राहावी, हा त्यामागील हेतू होता. परंतु सेकंदास १०० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ३.४ मीटर असते. असा तरंग कुंपणाच्या भिंतीवरून सहज वळून पलीकडे पोहोचतो. म्हणून खरोखर गंभीर असलेला आवाजही प्रमाणाबाहेर वाढला, तर झोपलेल्या बालकाला किंवा सेक्टर १२ मधील मोठ्या रुग्णालयातील रुग्णाला भिंतीचा आडोसा पुरत नाही.

डेसिबलचे माप येथे नीट समजून घेतले पाहिजे. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट होणे होय. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० व ४० आहे. २०१९ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने दोन्ही राज्ये व चंदीगड यांना, प्रत्येक मोटारसायकलीला ध्वनिशामक असल्याची दक्षता घेण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार ध्वनिविषयक मानकांचा भंग केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

योग्य मार्ग

आवाज पूर्वीपेक्षा फाटका व कर्कश झाला असेल, तर प्रथम निकासनळीचा सांधा तपासावा. तेथील वळे झिजले असल्यास वायू फटीतून निसटतो व वरची कंपने वाढतात. ध्वनिशामक गंजून त्याला छिद्र पडले असेल किंवा आतील पडदा सुटला असेल, तर त्या गाडीसाठी मान्यता मिळालेला नवा ध्वनिशामक बसवावा. एवढ्याने गाडीचा मूळ ठोका बहुधा परत येतो.

गांभीर्य हवे असेल तर कर्कशता कमी करावी लागते आणि कर्कशता कमी केली की एकूण आवाजही उतरतो. शांतता आणि गंभीर नाद ही परस्परविरोधी नाहीत, हेच ध्वनिशामकाच्या अभ्यासातून निष्पन्न होते.