बुशला तेल पाजू नकोस

पोरा, उद्यापासून गाडीखाली तू एकटा शिरणार, म्हणून माझ्या उस्तादांनी मला दिलेलं तुझ्या कानावर घालतो. खालून कुचकुच आवाज यायला लागला की गिऱ्हाईक म्हणतं, "जरा ऑइल मारा, मिस्त्री." तिथं थांबायचं. आधी बघायचं, हा सांधा सरकणारा आहे की पिळणारा? सरकणाऱ्याला वंगण लागतं. पिळणाऱ्याला ते मारक.

लोअर आर्मचा जुना बुश एकदा कापून बघ. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी नळी आणि मधे दोन्हींना घट्ट धरून बसलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागची हलत नाही. चाक वरखाली झालं की ओलं फडकं पिळावं तसं मधलं रबर पिळतं आणि पुन्हा मूळ जागी येतं. घासणारं तिथं काही नसतंच, मग ग्रीस कशाला? उलट डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस रबरात मुरतं. रबर फुगतं, मऊ पडतं, लोखंडापासून सुटतं. चार दिवस आवाज बंद आणि मग बुशच बाद. पावसाळ्याच्या तोंडावर गंज नको म्हणून खालून डिझेल-ऑइलचा फवारा मारतात. गंजाची काळजी रास्त आहे, पण बुश झाकल्याशिवाय तो फवारा मारू नकोस. इंजिनचं ऑइल गळून किंवा ॲक्सलचं बूट फाटून ग्रीस उडत असेल, तर आधी ते थांबव. नाहीतर नवा बुशही तसाच जाईल.

जुन्या जीपच्या पाट्यांचं वेगळं. तिथं शॅकलला निपल असतं, कारण आत लोखंडावर लोखंड फिरतं. ग्रीसगन लाव आणि जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत दाब. पॉलियुरेथेनचे बुश बसवलेस तर त्यांत नळी फिरते, म्हणून बसवतानाच सिलिकॉन ग्रीस लाव. स्टॅबिलायझर रॉडच्या बुशात धूळ शिरली तरी तो करकरतो. क्लॅम्प खोल, साबणाच्या पाण्यानं बुश आणि रॉड धू, कोरडे कर. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा तो कंपनीच्या पुस्तकात चालतो म्हटलं असेल तरच.

आवाज नेमका कुठला हे शोधायला साधं पाणी पुरतं. एकानं गाडी वरखाली दाबायची, दुसऱ्यानं एकेका बुशवर पाणी सोडायचं. ज्यावर पाणी पडताच आवाज थांबला, तो बुश. मग टॉमी लावून बघ. रबर थोडं हलणारच, त्याला घाबरू नकोस. पण खोल चीर गेली असेल, रबर लोखंडापासून सुटलं असेल किंवा आतली नळी एका बाजूला बसली असेल, तर बदलायलाच हवा. काही गाड्यांच्या बुशात द्रव भरलेला असतो. तो गळला की तो बुशही संपला.

मारुती ८०० चं मात्र ध्यानात ठेव. १९८३ ला आली, २०१४ ला बनायची थांबली, तरी अजून ती आपल्याकडं येते. तिचा स्टॅबिलायझर रॉडच लोअर आर्मला पुढं-मागं धरून ठेवतो. त्याचे बुश गेले की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते आणि माणसं उगाच ब्रेक खोलत बसतात.

नवा बुश हातोड्यानं ठोकायचा नाही, प्रेसवर बसवायचा. आत जाईना तर साबणाचं पाणी लाव. रबरात पोकळ्या असतील तर जुना काढण्याआधीच त्या कुठल्या बाजूला आहेत याची खूण कर. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदल आणि शेवटी अलाइनमेंट करून घे.

आता सगळ्यांत मोलाचं. गाडी उचललेली असताना, चाकं लोंबत असताना, आर्मचे बोल्ट शेवटचे आवळू नकोस. तसं केलंस तर गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट नुसते लाव, गाडीचा भार चाकांवर येऊ दे, मग पिटमधून पुस्तकातल्या टॉर्कनं आवळ. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नकोस. घोडी लावायचीच.

गिऱ्हाईक घाईत असेल. "आज फक्त आवाज बंद करा" म्हणेल. तरी ऑइलचा डबा उचलू नकोस. त्याला खाली बोलव, चीर दाखव, खर्च सांग, आणि बदलल्यावर जुना बुश त्याच्या हातात ठेव. चाकाची दिशा बुश सांभाळतो, आणि त्या चाकांवर त्याची बायकापोरं बसलेली असतात.