खारपाणपट्ट्यातील गर्भवतीचे ताट

पूर्णेच्या खोऱ्यातील दर्यापूर तालुका म्हणजे काळ्या जमिनीचा, कापूस, तूर, मूग आणि हरभरा पिकविणारा प्रदेश. शरीराची झीज भरून काढणारी कडधान्ये येथे मुबलक पिकतात. परंतु ज्या घरातून ती बाजारात जातात, त्याच घरातील गर्भवतीच्या ताटात ती पुरेशी पडतातच असे नाही. घरातील सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेली भाकर आणि पातळ वरण यांवर तिची बोळवण होते. निंदणी आणि कापूसवेचणीच्या दिवसांत तर तिच्या श्रमाला विसावा नसतो. आईच्या प्रकृतीची आणि जन्मास येणाऱ्या बालकाच्या वजनाची बरीचशी निश्चिती या ताटातच होत असते.

रक्तक्षयाचा प्रश्न

गर्भवतीच्या रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तिला रक्तक्षय आहे असे समजतात. ते ७ ग्रॅमच्या खाली गेल्यास रक्तक्षय तीव्र मानला जातो. अशा स्त्रीला बाळंतपणातील थोडासा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या.

या रोगाच्या संशोधनात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. इंग्रज वैद्यक संशोधिका ल्युसी विल्स १९२८ च्या अखेरीस मुंबईस आल्या आणि गरीब गर्भवती स्त्रियांमधील रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. हा दोष आहारातील उणिवेमुळे उद्भवतो आणि यीस्टच्या अर्कातील एका घटकाने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढलेले फॉलिक आम्ल ते हेच. आज गर्भवतीस मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर ते असते.

शिवारातच असलेले पोषण

हा घटक हिरव्या पालेभाज्यांत आणि कडधान्यांत असतो. हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथी, अंबाडी, चिवळ, शेवग्याचा पाला या वऱ्हाडच्या परिचित भाज्या होत. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बालके जन्मतः अधिक सुदृढ आढळली.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात रोज सुमारे ३५० अधिक उष्मांकांची गरज असते. त्यासाठी दोन माणसांचे जेवण जेवावयास नको. नेहमीच्या जेवणात एक भाकर, एक वाटी घट्ट वरण आणि दुधाचा पेला यांची भर घातली तरी ती बहुतांशी भागते. पोट दडपत असल्यास थोडे थोडे, परंतु पाच वेळा खावे. शेंगदाण्याचा किंवा तिळाचा लाडू शेतावरही नेता येतो. जेवणात लिंबू पिळल्यास किंवा जेवणानंतर संत्र्याच्या फोडी खाल्ल्यास अन्नातील लोह शरीरात अधिक मुरते. जेवणालगतच्या चहाने मात्र ते वाया जाते.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस रोज घ्यावयाची असते. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर न घेता किमान दोन तासांनी घ्यावी. शौचाचा रंग काळा झाला तरी भिण्याचे कारण नाही.

पाणी आणि मीठ

खारपाणपट्ट्यातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारट आहे. बांगलादेशाच्या किनारी भागातील पाहणीत खारट पाणी पिणाऱ्या गर्भवतींमध्ये रक्तदाबाचे विकार अधिक आढळले आहेत. म्हणून गर्भवतीने नळयोजनेचे गोडे पाणीच प्यावे, लोणचे व पापड बेताने खावेत आणि प्रत्येक तपासणीत रक्तदाब मोजून घ्यावा. तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर सूज किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

चुकीच्या समजुती

“जास्त खाल्ले तर मूल मोठे होते आणि बाळंतपण अडते,” या समजुतीने अनेक सुना अर्धपोटी राहतात. वास्तविक मध्यम बांध्याच्या स्त्रीचे वजन गर्भारपणात १० ते १२ किलो वाढणे हितकर असते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल जन्मल्यास त्याचे संगोपन कठीण जाते. डोहाळजेवणाच्या एका दिवशी होणारे कौतुक नऊ महिने रोजच्या जेवणात उतरावे आणि तिने सर्वांबरोबर जेवावे, हे सासूने मनावर घेतल्यास सहज साधते.

गावाचे कर्तव्य

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा राज्यात आरंभी निवडलेल्या प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातीलच धारणीचा समावेश होता. आज अंगणवाडीतून गर्भवतीस पूरक आहार मिळतो. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांचे साहाय्य आहे.

या सवलती तिच्यापर्यंत पोहोचविणे हे पंचायतीचे काम होय. गरोदरपणाची नोंद पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, अंगणवाडीस गोड्या पाण्याची जोडणी मिळावी, महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाचा १० टक्के निधी खर्ची पडावा, याकडे सदस्यांनी लक्ष द्यावे. शिक्षकांनी शाळेच्या परसबागेत शेवगा व पालेभाज्या लावून त्यांचे महत्त्व मुलींइतकेच मुलांनाही सांगावे. जे शिवारात पिकते ते प्रथम आईच्या ताटात पडले, तर येणारी पिढी सशक्त होईल.