हाक मारली तरी मूल वळत नाही

मूल दीड वर्षाचे झाले. आई हाक मारते, पण ते मान वळवत नाही. चांदोमामा दाखवला तर बोटाच्या दिशेने बघत नाही. टाटा करत नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. आईचा हात धरून तिला ओढत नेते आणि तिचाच हात डब्यावर ठेवते. घरची माणसे म्हणतात, याला ऐकू येत नसेल. पण पलीकडच्या खोलीत कोणी बिस्किटाचा पुडा फोडला की तेच मूल धावत येते! मग हे काय असावे?

अशा काही मुलांना स्वमग्नता असते. शब्द जोडाक्षराचा आहे, सावकाश वाचा. स्व म्हणजे आपण स्वतः. मग्न म्हणजे गढून गेलेला. डॉक्टर तिला ऑटिझम म्हणतात. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांची हकीकत लिहिली, तेव्हापासून वैद्यकात हे नाव रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली जगात सुमारे 127 माणसांमागे एकाला स्वमग्नता होती. म्हणजे मोठ्या गावात अशी पाच-दहा माणसे निघायचीच. आपण त्यांना ‘खुळा’ म्हणून मोकळे होतो, एवढेच.

ही काही साथ नव्हे. बाहेरची बाधाही नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून थोडी निराळी असते. काही घराण्यांत ती जास्त दिसते. आईने लक्ष दिले नाही म्हणून असे झाले, हे तर साफ खोटे. एके काळी परदेशांतले मोठे डॉक्टरही आईलाच बोल लावीत. पुढे ते मत चुकीचे ठरले. आपल्याकडे सासूबाई अजून तेच म्हणतात, त्यांना हा धडा वाचून दाखवावा. लशीचेही तसेच. गोवराच्या लशीने स्वमग्नता होते, असे इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने 1998 साली लिहिले. त्या नियतकालिकाने 2010 साली तो लेख मागे घेतला. लस चुकवू नका. गोवराने मूल दगावते.

आता सगळ्यांत जपायची गोष्ट सांगतो. यातल्या पुष्कळ मुलांना आपले दुखणे सांगता येत नाही. दात ठणकतो, कान ठसठसतो, चार दिवस शौचाला झालेले नसते. तुमचा-आमचा मुलगा ‘आई, पोट दुखतंय’ म्हणेल. हे मूल डोके भिंतीवर आपटते, मनगट चावते, रात्रभर जागते. लोक म्हणतात, अंगात आले. मग अंगारा, उतारा, भगताकडे खेप. आणि दुखणे तसेच राहते! म्हणून शांत असलेले मूल एकाएकी बिथरले, तर आधी तोंडात बघा, कान बघा, पोट चाचपा, ताप पाहा, आणि दवाखान्यात न्या. या मुलांत फेफऱ्याचे प्रमाणही जास्त असते. झटका आला तर कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा हुंगवत बसू नये. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर 108 क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

दवाखान्यातली गर्दी, दिव्याचा झोत, अनोळखी हात, हे त्याला सोसत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी ते कान झाकते, मग तिथली गडबड कशी सोसेल? आदल्या दिवशी घरीच खेळ करावा. वाटीची टोपी छातीला लावून ‘डॉक्टर असे बघतात’ म्हणून दाखवावे. त्याचे आवडते फडके बरोबर घ्यावे. केसपेपर काढतानाच बाईंना सांगावे, ‘ताई, मुलाला स्वमग्नता आहे, जरा आधी घ्या.’ लाज कसली त्यात?

तपासणी कुठे होते? अंगणवाडीत आणि शाळेत सरकारी डॉक्टरांचे पथक मुले तपासायला येते. हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तो 2013 साली आपल्या महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो फुकट आहे. पथक येईल त्या दिवशी मूल घरी लपवून ठेवू नका. पथक पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवते. तिथे आधी कान तपासतात, मग बाकीचे. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. तसे कोणी विकत असेल, तर पैसे कनवटीला ठेवा. उपयोग होतो तो शिकवण्याचा, आणि ते जितके लवकर तितके बरे. बोलणे शिकवणारे असतात, हातापायांची कामे शिकवणारे असतात. पण ते आठवड्यातून तासभर भेटणार. बाकीचे दिवस आईबापच गुरुजी. भाकरी देताना ‘भाकरी’ म्हणावे, थांबावे, त्याने नुसते बघितले तरी द्यावी. आंघोळ, जेवण, झोप रोज एकाच क्रमाने ठेवावी. उद्या जत्रेला जायचे तर आज सांगून ठेवावे.

शाळेविषयी आम्ही अधिकाराने बोलतो, कारण हयात तिथे गेली. ‘याला बसता येत नाही, नाव घालू नका’ असे म्हणणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. दाखल्यावर 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत फुकट शिक्षण हा मुलाचा हक्क आहे. वर्गात त्याला भिंतीकडेची, दारापासून दूर अशी एकच जागा द्यावी. घंटेआधी खूण करावी. एक सूचना एका वेळी. चित्र दाखवून सांगितलेले त्याला लवकर उमगते.

दाखला सरकारी रुग्णालयात मिळतो. अर्ज ऑनलाइन असतो, तो सेवा केंद्रात भरून मिळेल. आधार कार्ड आणि फोटो न्यावा. दाखल्याबरोबर येणारे कार्ड जपून ठेवा. निरामय या आरोग्य विम्यासाठी ते लागते. त्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्च धरलेला आहे. मूल 18 वर्षांचे झाले आणि त्याला स्वतःचा व्यवहार सांभाळता येत नसला, तर पालक म्हणून कायदेशीर नेमणूक करून घ्यावी लागते. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो. आईबाप हिंडतेफिरते आहेत तोवरच हे काम उरकून घ्यावे.