यरीहोचें पाणी आणि आपल्या वाड्याची विहीर

शास्त्रपाठ : २ राजे २:१९-२२

यरीहो नगराचें स्थान रम्य होतें, परंतु तेथील पाणी वाईट असल्यामुळें भूमि निष्फळ झाली होती. नगरवासी अलीशाकडे गेले, तेव्हां त्यानें नवें पात्र मागविलें, त्यांत मीठ घालविलें, आणि झऱ्यापाशीं जाऊन तें पाण्यांत टाकलें. ह्या पाठावर आम्हीं पुष्कळ वेळां उपदेश केला आहे, आणि एकदां त्या उपदेशाचें फळ असें आलें कीं, तें सांगावयास आम्हांस लाज वाटते. पावसाळ्याच्या आरंभीं एका खेड्यांतील मंडळींत हागवणीची सांथ आली. तेथील उपदेशक बंधूनें मंडळीसह प्रार्थना करून वाड्याच्या विहिरींत दोन पायली मीठ ओतलें, आणि लोक तेंच पाणी पीत राहिले. आठवड्याच्या आंत एक तान्हें बाळ दगावलें. त्या बंधूच्या विश्वासास आम्ही दोष देत नाहीं. दोष आमच्या अर्धवट शिकवणीचा होता. मीठ हें अलीशाच्या हातीं देवाच्या सामर्थ्याचें चिन्ह होतें, विहिरीचें औषध नव्हतें. शिवाय अलीशा झऱ्याच्या उगमापाशीं गेला, ही गोष्ट आम्हीं कधीं नीट सांगितलीच नव्हती.

म्हणून प्रथम उगम पाहूं. त्या विहिरीचा कठडा एके बाजूस ढासळला होता, ओटा तडकला होता, आणि वीस पावलांच्या आंत उकिरडा होता. पहिल्या पावसाचें पाणी उकिरडा धुऊन थेट आंत उतरलें. मनुष्याच्या व जनावरांच्या विष्ठेंतील जंतु पाण्यांत जातात, तेव्हां पाण्याचा रंग पालटत नाहीं, चवहि पालटत नाहीं. पटकीचे जंतु डॉ. कोख यांना १८८४ सालीं कलकत्त्याच्या एका तळ्यांत सांपडले; तेंच तळें आसपासचे लोक पिण्यास वापरीत असत. तेव्हां ‘आमचें पाणी कसें कांचेसारखें आहे’ हें बोलणें कांहींच सिद्ध करीत नाहीं. शुद्धाशुद्धाचा विचार आपल्या देशांत भलत्याच मार्गानें गेला. १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकर व त्यांचे सोबती चवदार तळ्याचें पाणी प्याले, म्हणून मागाहून त्या तळ्यांत पंचगव्य ओतून तें ‘शुद्ध’ करण्यांत आलें! ज्या शेणानें पाणी नासतें, तेंच शेण शुद्धीसाठीं. आपल्यापैकीं कित्येकांच्या वाडवडिलांस सार्वजनिक विहिरीवर पाय ठेवूं देत नसत. मोठ्या कष्टानें खणलेली स्वतःची विहीर आपणच घाण होऊं द्यावी काय?

कठडा कमरेएवढा उंच बांधावा, सभोंवतीं सिमेंटचा उतरता ओटा व सांडपाण्यास दूर नेणारी मोरी करावी. संडास व उकिरडा निदान १५ मीटर दूर असावा. धुणीं व गुरें ओट्यावर आणूं नयेत. प्रत्येक घरच्या निराळ्या दोर-पोहऱ्यापेक्षां विहिरीचा एकच पोहरा रहाटावर टांगून ठेवणें बरें.

आतां औषध. एके काळीं विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकीत, परंतु जंतु मारण्यास तें पुरें पडत नाहीं. ब्लीचिंग पावडर, जिला खेड्यांत टी.सी.एल. म्हणतात, तीच घ्यावी. विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मीटरांत मोजावी. व्यासास व्यासानें गुणावें, त्यास खोलीनें गुणावें, आणि आलेल्या संख्येस ७८५ नें गुणावें, म्हणजे लिटर निघतात. व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर असल्यास सुमारें २८,००० लिटर होतात. नेहमींच्या शुद्धीस दर १,००० लिटरांस अडीच ग्रॅम, म्हणजे येथें ७० ग्रॅम पावडर लागेल. बादलींत थोड्या पाण्यानें तिची पातळ लापशी करावी, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावें, व दहा मिनिटें निवूं द्यावी. खालीं चुन्याचा गाळ बसतो. तो विहिरींत जाऊं देऊं नये. वरचें निवळ पाणी दुसऱ्या बादलींत ओतून ती दोरानें पाण्यांत सोडावी व वरखालीं जोरानें हिसकावी, म्हणजे औषध सर्वत्र मिसळतें. हें काम रात्रीं करावें आणि निदान एक तास कोणीं पाणी काढूं नये. सांथीच्या दिवसांत तें रोज करावें. ग्रामपंचायतीच्या माणसाकडे ओ.टी.चे थेंब असतात. त्यांनीं पाणी पिवळें झालें तर क्लोरीन उरला आहे असें जाणावें.

विहिरींत पुराचें पाणी शिरलें किंवा जनावर पडून मेलें, तर इतक्यानें भागत नाहीं. आधीं विहीर उपसून गाळ काढावा. उतरण्यापूर्वीं पेटता कंदील खालीं सोडून पाहावा. विझला तर कोणींहि उतरूं नये, न विझला तरी उतरणाऱ्याच्या कमरेस दोर व वर चार माणसें असावींत. भिंती घासून, पाणी पुन्हां भरल्यावर दर १,००० लिटरांस सुमारें १५० ग्रॅम ह्या मानानें, वरील विहिरीस चार किलोंच्या वर, पावडर घालावी. तें पाणी एक दिवस तसेंच राहूं द्यावें, पिऊं नये. मग वास जाईपर्यंत उपसून ओसाड जागीं सोडावें. औषध घातल्यावर विहिरींत कोणींहि उतरूं नये.

इतकें होईपर्यंत पाणी उकळून प्यावें. हागवण लागलेल्या मुलास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडें थोडें पाजावें, आणि आईनें अंगावर पाजणें बंद करूं नये. दोन पायली मिठापैकीं अर्धा चमचा त्या बाळाच्या ओठीं लागला असता तर, हा विचार आमच्या मनांतून अद्याप जात नाहीं.

त्या वाड्यांत आतां दर शनिवारीं सायंप्रार्थनेनंतर तोच उपदेशक बंधु बादली घेऊन विहिरीवर जातो. पहिल्या महिन्यांत पाण्यास वास येतो म्हणून म्हाताऱ्या बायांनीं कुरकुर केली. पाणी घागरींत भरून कांहीं वेळ झांकून ठेवलें कीं, वास बराच कमी होतो. पावडरीचा डबा मात्र घट्ट झांकून, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावा. उघडी राहिलेली पावडर लवकरच निकामी होते, आणि मग ती विहिरींत टाकणें व मीठ टाकणें सारखेंच.