ओल्या कचऱ्याचे गांडूळ खत : सुरुवात बेताने करा



मोशी, चिखली, चऱ्होली ही गावे 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. चाकण, कुरुळी, महाळुंगे या बाजूला कारखाने उभे राहिले. घरातील तरुण मंडळी पाळीवर कामाला जाऊ लागली, तसे गोठे रिकामे होत गेले. गोठा गेला की शेण गेले आणि शेण गेले की उकिरडाही गेला. उरलेल्या पाच-दहा गुंठ्यांत किंवा परसबागेत घालायला खत आणावे कोठून, ही अनेक घरांची अडचण आहे. स्वयंपाकघरातून मात्र रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा बाहेर पडतो. त्याचे खत गांडुळांकडून करून घेता येते.

यासाठी आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजिनी या जातींची गांडुळे वापरावीत. ती वरच्या थरात राहून कुजणारा पाला-कचरा खातात. शेतातील बांध खणून आणलेली गांडुळे पेटीत टिकत नाहीत, कारण ती माती खाणारी व खोल बिळे करणारी असतात. त्यांचे काम जमिनीतच चांगले होते. पुण्याच्या भवाळकर संशोधन संस्थेने अशाच खोल जाणाऱ्या फेरेटिमा इलॉन्गाटा जातीवर भर दिला होता. तो वेगळा विषय आहे.

टोमॅटोची जुनी क्रेट किंवा उभा चिरलेला ड्रम घ्यावा. ड्रममध्ये पूर्वी रसायन किंवा ऑइल असेल तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. तळाला भोके पाडून विटांचे तुकडे पसरावेत. त्यावर वाळका पाला किंवा उसाचे पाचट, आणि त्यावर अर्धवट कुजलेल्या शेणाचा चार बोटे थर द्यावा. शेण कमी असेल तर खाकी पुठ्ठा भिजवून, फाडून मिसळावा. आपल्या भागात कारखान्यांच्या खोक्यांना तोटा नाही. चिकटपट्ट्या व पिना मात्र काढून टाकाव्यात. पॅकिंगच्या फळ्यांचा व प्लायवूडचा भुसा, ऑइलचे बोळे, कारखान्यातील गाळ यांपैकी काहीही पेटीत जाता कामा नये. जड धातू गांडुळाच्या अंगात साठतात, खतात उतरतात आणि तेथून भाजीत येतात.

थर ओला करून दोन-तीन दिवस ठेवावा. हात घालून पाहावा. गरम लागत नसेल तरच पाव किलो गांडुळे सोडावीत. सुरुवातीला यापेक्षा जास्त विकत घेऊ नयेत. ‘गांडुळे वाढवा, आम्हीच परत घेऊ’ असे सांगणाऱ्याला आधी लेखी करार मागावा.

बहुतेकांची पेटी फसते ती पुढच्या टप्प्यात. गांडूळ दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण निम्मे खाते. म्हणजे पाव किलो गांडुळांना रोज सव्वाशे ग्रॅमच पुरते, आणि आपण उत्साहाने घरातला पाऊण किलो कचरा त्यांच्या अंगावर टाकतो. उरलेला कचरा आंबतो, तापतो, वास सुटतो आणि गांडुळे भिंतीवर चढतात. मग घरची मंडळी पेटी अंगणाबाहेर फेकतात. दोष गांडुळांचा नसतो. पहिले दोन-तीन महिने मूठभर बारीक चिरलेला कचराच एका कोपऱ्यात पुरावा आणि तो संपल्यावर दुसऱ्या कोपऱ्यात. बाकीचा कचरा खड्ड्यात टाकावा. नीट जमले तर या काळात गांडुळे दुपटीच्या आसपास होतात. मग खाऊ वाढवावा.

भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, अंड्याच्या कवचाची पूड चालते. मीठ-तेलाचे उष्टे, मटण-मासळी, लिंबाच्या साली व मिरचीची देठे टाळावीत. चाकणच्या बाजारामुळे कांद्याची टरफले आपल्याकडे ढिगाने असतात. ती चिमूटभर चालतात, घमेलेभर नाही. सडका कांदा-बटाटा तर घालूच नये. ही पेटी तापत नसल्याने रोगाची बुरशी व तणाचे बी त्यात मरत नाही आणि खताबरोबर पुन्हा वाफ्यात जाते.

मूठभर मिश्रण दाबल्यावर एक-दोन थेंब पडावेत, इतका ओलावा ठेवावा. धार लागली तर सुका पुठ्ठा मिसळावा. मुंग्या लागल्या तर पेटी कोरडी पडली असे समजावे. तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली पेटी ठेवणे म्हणजे गांडुळे भाजणे होय. 35 अंशांवर ती तग धरत नाहीत. आंब्याखाली ठेवून ओले गोणपाट टाकावे. पावसाळ्यात वरून आडोसा हवा.

अडीच-तीन महिन्यांनी चहाच्या भुकटीसारखे, मातीच्या वासाचे खत दिसू लागते. तीन-चार दिवस पाणी बंद करावे व खताचा उजेडात शंकूसारखा ढीग करावा. गांडुळे खाली जातात, वरचे खत हाताने काढून घ्यावे.

एका घराच्या कचऱ्यातून वर्षाला पाऊणशे किलोच्या आसपास खत मिळते. एकरभर शेताला ते पुरणार नाही, कोणी तसे सांगितले तरी. कांद्याच्या रोपांचे एक-दोन गादीवाफे, परसातील वांगी-मिरची आणि दारातील शेवगा यांना मात्र ते पुरते. रोपाच्या बुडाशी मूठभर खत देऊन मातीआड करावे.